माइक घेतला म्हणजे मी कमी पडले का?

एका शिक्षिकेचं पत्र आलंय. नाव, गाव, शाळा बाजूला ठेवून त्यातला पेच तेवढा इथे देते. त्या सोळा वर्षं शिकवतायत. वर्गात पन्नासच्या वर मुलं. तिसऱ्या तासाला आवाज चिरकायला लागतो, शेवटच्या तासाला नुसती हवा बाहेर पडते. सुट्टीत घसा जरा मोकळा होतो आणि शाळा सुरू झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी धरायला लागल्यात, आवाजावरचा ताण कमी करा, असं सांगितलं. मुख्याध्यापक त्यांच्या वर्गात माइक आणि स्पीकर बसवून द्यायला तयार आहेत. पण शिक्षकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याचा आवाज वर्गाला पुरत नाही, त्याने शिकवायला उभंच कशाला राहायचं?" तेव्हापासून बाईंचं मन मागेपुढे होतंय. माइक घेतला तर आपण कमी पडलो असं ठरेल, मुलांना मोठ्या आवाजाची सवय लागेल, शिवाय आपल्या एकटीसाठी शाळेने खर्च का करावा, असं त्यांना वाटतं. माइक नको तर मग शिकवणंच सोडावं का, हेही त्यांनी पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारलंय.

बाई,

सहकाऱ्यांचं ते बोलणं तुमच्या जिव्हारी लागलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करू. चांगल्या शिक्षकाचा आवाज वर्गाला पुरतोच, असं त्यांनी गृहीत धरलंय. तुम्हीही ते निमूटपणे मान्य केलंत आणि स्वतःला मात्र चांगल्यांच्या यादीतून काढून टाकलंत. मला ते गृहीतच आधी तपासून बघायचंय.

माणूस साध्या बोलण्याच्या पट्टीत बोलतो तेव्हा त्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल (आवाजाचा जोर मोजायचं माप) भरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८, आठ मीटरवर ४२. बंद खोलीत भिंती आणि छत आवाज परतवतात, त्यामुळे मागे इतका उतार पडत नाही. पण परतून आलेला आवाज उशिरा पोचतो आणि एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर चढते. आता त्यात पंखे, बाकांची सरकासरक, शेजारच्या वर्गातलं पाठांतर, खिडकीबाहेरची रहदारी मिळवा. भरलेल्या वर्गातला गोंगाट ५० डेसिबलच्या वर सहज जातो. म्हणजे शेवटच्या बाकावर शिकवणाऱ्याचा आवाज आणि गोंगाट जवळजवळ एकाच उंचीवर असतात. मुलांना प्रत्येक शब्द नीट कळायचा तर शिकवणाऱ्याचा आवाज गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर हवा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिकवणं चालू असताना मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. तुमच्या वर्गाची अवस्था यापासून किती लांब आहे, ते तुम्हीच बघा.

म्हणजे ओरडल्याशिवाय अशा वर्गाला आवाज कुणाचाच पुरत नाही. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचाही नाही. ते ओरडत असतील आणि त्यांचा घसा ते अजून सोसत असेल, एवढंच. त्यांच्या शेवटच्या बाकावर नक्की काय पोचतं, हे त्यांनी कधी तिथे बसून ऐकलंय का, कोण जाणे.

दुसरी गोष्ट. आपण गोंगाटात आवाज चढवतो तो ठरवून चढवत नाही. एत्येन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं: कानावर गोंगाट पडला की माणूस आपोआप मोठ्याने बोलायला लागतो आणि त्याला ते जाणवतही नाही. म्हणून "मी ठरवलं होतं हळू बोलायचं, पण वर्गात गेले की विसरते" असं जे तुम्ही लिहिलंय, त्याचा दोष स्वतःला देऊ नका. तो तुमच्या निश्चयाचा कच्चेपणा नाही, शरीराचा धर्म आहे. मुलांनाही तोच नियम लागू. तुम्ही चढवता, मग एकमेकांशी बोलणारी मुलं चढवतात, मग पुन्हा तुम्ही. ही चढाओढ माणसाच्या घशाने कधी जिंकलेली नाही.

आणि ओरडून फायदा तरी काय होतो? ओरडताना फुगतात ते स्वर: आ, ई, ओ. शब्दाचा अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर टिकलेला असतो, आणि स, श, फ, थ, ख यांच्यात मुळात जोर कमी. आपण कितीही ताणलं तरी ती त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे मागच्या मुलाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'ऐकू येतंय ना?' असं विचारलं की सगळे मिळून 'हो' म्हणतात आणि वहीत भलतंच उतरतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता तुमच्या घशाकडे येते. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. दिवसभरातल्या शिकवण्यात प्रत्यक्ष दीड तास जरी ते कंप पावले, तरी आकडा दहा लाखांच्या वर जातो. आवाज चढवला की प्रत्येक आपटणं जोराचं होतं. गाठी धरतात त्या याच मारामुळे, तंतूंच्या मध्यभागी, जिथे टक्कर सगळ्यात जोरात होते. बायकांचे स्वरतंतू आखूड आणि पट्टी उंच, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हे जास्त येतं. तुम्ही एकट्याही नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ५८ टक्के शिक्षकांना आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेला आढळला. इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण सुमारे २९ टक्के होतं. जवळजवळ दुप्पट. एखाद्या कारखान्यात असा आकडा निघाला असता तर कामगाराला कुणी 'तू कमजोर' म्हटलं नसतं, यंत्राला आवरण बसवलं असतं.

माइकचा उपयोग खरंच होतो का, हेही तपासलं गेलंय. आवाजाच्या विकारांचे अमेरिकेतले अभ्यासक नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आवाजाचा त्रास असलेल्या ४४ शिक्षकांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला अंगावर वागवायचा छोटा माइक-स्पीकर दिला, दुसऱ्याला आवाजाची निगा कशी राखायची ते शिकवलं, तिसऱ्याला काहीच दिलं नाही. सहा आठवड्यांनी माइक वापरणाऱ्यांचा त्रास लक्षणीय कमी झाला होता आणि आवाजाच्या मोजमापातही सुधारणा दिसली. नुसती निगा शिकलेल्यांमध्ये तसा फरक पडला नाही. पाणी प्या, घसा खाकरू नका, हे सल्ले चुकीचे नाहीत. पण पन्नास मुलांसमोर रोज ओरडणं भाग पडत असेल, तर ते एकटे काय करणार?

मुलांना मोठ्या आवाजाची सवय लागेल, ही भीती मला पटत नाही. फळ्यावर उजेड नीट पडत नसेल तर अंधुकात वाचायची सवय लागू दे, असं आपण म्हणत नाही, दिवा लावतो. शिवाय चांगल्या माइकने आवाज मोठा करायचा नसतो, सारखा करायचा असतो. पहिल्या बाकाला जेवढं ऐकू येतं तेवढंच शेवटच्याला यावं, एवढंच त्याचं काम.

मोठ्यांना हे लवकर उमजत नाही, कारण आपल्याला भाषा येते. वाक्यातला एखादा शब्द निसटला तरी आपण तो संदर्भाने भरून काढतो. दहा वर्षांच्या मुलाने 'बाष्पीभवन' हा शब्द आज पहिल्यांदाच ऐकलाय, तो कशाने भरून काढणार? गोंगाटातून शब्द वेगळा काढण्याची मेंदूची तयारी तेरा-चौदा वर्षांपर्यंत चालू असते. त्यातच कुणाला सर्दीने कानात दडे बसलेले, कुणी घरी वेगळी भाषा बोलणारं, कुणाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. मागच्या बाकावरचं एखादं मूल 'लक्ष देत नाही' असा शेरा तुम्ही मारला असेल, तर त्याच्यापर्यंत काय पोचतं ते एकदा तपासून बघा.

तपासायची एक सोपी पद्धत आहे. मुलं बसलेली असताना, पंखे चालू ठेवून, नेहमीच्या जागी उभं राहून नेहमीच्या आवाजात वीसेक शब्द सांगा आणि लिहायला लावा. शब्द असे निवडा की एकच व्यंजन वेगळं असेल: काठ, पाठ, गाठ, पान, कान, मान, दान, शाल, खाल, साल, चाल. तोंडासमोर वही धरा, म्हणजे ओठ बघून कुणी ओळखणार नाही. नंतर वह्या ओळीप्रमाणे लावा आणि पहिल्या दोन ओळींच्या चुका शेवटच्या दोन ओळींशी ताडून बघा. हुशार मुलं पुढेच बसतात म्हणून फरक दिसतो, असं कुणी म्हणालं तर जागा बदलून पुन्हा घ्या. हा कागद जपून ठेवा, पुढे लागेल.

पण माइक बसवण्याआधी खोलीकडे बघा. याबाबत मी आग्रही आहे, कारण नेमकं हेच सगळीकडे राहून जातं. रिकाम्या वर्गात उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज जागच्या जागी विरला तर उत्तम. घुमत राहिला, शेवटी 'झ्यँ' असा ओघळला, तर त्या खोलीत माइक लावल्याने तुमचा आवाज वाढेल आणि घुमणंही तेवढंच वाढेल. घसा वाचेल, पण मुलांना शब्द कळणार नाहीत. म्हणून ध्वनीची जाण असलेले लोक म्हणतात की आधी खोली सुधारा, माइक हा वाईट खोलीवरचा उपाय नव्हे. वर्गाचं घुमणं, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंदाच्या आत असावा, असं अमेरिकी मानक आहे. ते मोजायला यंत्र लागतं, पण खोली सुधारायला दर वेळी लागत नाही. मागच्या भिंतीवर मऊ पाठीचे मोठे सूचनाफलक, खिडक्यांना जाड पडदे, बाक-खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, करकरणाऱ्या पंख्याची दुरुस्ती, व्हरांड्याकडच्या दाराची फट बुजवणं. जमलं तर छताला आवाज शोषणारे फलक. यातलं बरंचसं शाळेला जड जाणार नाही, आणि ते केलं की तुम्हाला माइकवरही कमीच बोलावं लागेल.

आता माइक कोणता. तुमचे चार तास स्वतःच्या वर्गात आणि बाकीचे इतर वर्गांत आहेत, म्हणून हे जरा विचाराने घ्या. कमरेला किंवा गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर आणि कानावरून तोंडाशी येणारा माइक, हा संच तुमच्याबरोबर वर्गावर्गात फिरेल. घशाला त्याचा फायदा नक्की आहे. मात्र आवाज तुमच्याच अंगातून निघतो, त्यामुळे पुढच्यांना तो जवळून आणि मागच्यांना लांबूनच ऐकू येतो. मुख्याध्यापक म्हणतात तसे भिंतीवर किंवा छतात विखरून बसवलेले स्पीकर असले की मागच्या मुलाच्या जवळही एक स्पीकर असतो, आणि कुठल्याही एका ठिकाणी फार मोठा आवाज न करता सगळीकडे सारखं ऐकू जातं. मुलांचं हित यात जास्त. मी तुमच्या जागी असते तर वर्गात बसवलेला संच आनंदाने स्वीकारला असता आणि इतर तासांसाठी एक छोटा संच मागितला असता.

बिनतारी माइक रेडिओलहरींवर चालणारा असेल तर शेजारच्या वर्गाचा संच वेगळ्या चॅनेलवर आहे ना, एवढं बघा, नाहीतर तुमचा इतिहास त्यांच्या गणितात ऐकू येईल. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालणाऱ्या संचाचे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून शाळांत ते सोयीचे पडतात. फक्त हे किरण पकडणाऱ्या यंत्रावर (रिसीव्हरवर) थेट ऊन येता कामा नये. घरच्या वापराचे ब्लूटूथ स्पीकर टाळा. त्यांत आवाज किंचित उशिरा येतो, आणि स्वतःचंच बोलणं मागून ऐकू आलं की जीभ अडखळते.

माइक लावायची रीत नीट बसवून घ्या, निम्मं यश तिथे आहे. तोंडाच्या कोपऱ्याशी, ओठांपासून दोन बोटांवर. अगदी समोर नको, 'प' आणि 'फ'च्या फुंकरी आत जातात. कॉलरला लावायचा माइक शिक्षकांना सोयीचा वाटतो, पण फळ्याकडे मान वळवली की आवाज पडतो आणि ओढणी-पदराची खसखस त्यात शिरते. शिट्टी वाजायला लागली तर माइकमध्ये स्पीकरचा आवाज परत शिरतोय असं समजा: स्पीकरच्या थेट समोर उभं राहू नका, माइक ओठांजवळ आणा आणि आवाजाची कळ खाली घ्या. ही कळ रिकाम्या वर्गात ठरवू नका. मुलं बसलेली असताना कुणाला तरी शेवटच्या बाकावर उभं करून ठरवा. 'बाई माइकवर बोलतायत' असं जाणवायला लागलं तर तो जास्त झाला.

सगळ्यात अवघड पुढे आहे. माइक लावूनही तुम्ही ओरडाल. सोळा वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. पहिले काही दिवस मुद्दाम, समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलतोय अशा पट्टीत बोला. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, मुलांपर्यंत पोचत नाही असा भास होईल. मागच्या बाकावरच्या एकाला 'ऐकू येईनासं झालं तर हात वर कर' असं काम द्या आणि त्याच्या हातावर विसंबून राहा, स्वतःच्या घशावर नको.

एखाद्या मुलाशी बाजूला घेऊन बोलायचं असेल, कुणाची चूक दाखवायची असेल, वर्गाबाहेर जायचं असेल, तर माइक आधी बंद करा. मुलाला एकट्याने ऐकायचं ते सगळ्या वर्गाने ऐकलं की त्याचा घाव खोल जातो. आणि रागावण्यासाठी माइक कधीच वापरू नका. वर्ग शांत करायला तीन टाळ्या, वर केलेला हात, एक घंटी, असं काही ठरवून घ्या.

संचाबरोबर हातात धरायचा दुसरा माइक मिळत असेल तर तो जरूर घ्या आणि मुलांमध्ये फिरवा. मूल पुटपुटत उत्तर देतं, बाकीच्यांना ऐकू जात नाही, मग तुम्ही ते मोठ्याने पुन्हा सांगता. दिवसातून कितीदा तरी. हे ओझं उतरतं, आणि पुटपुटणाऱ्या मुलाचं म्हणणं त्याच्याच आवाजात वर्गापुढे येतं. मोठ्याने वाचायला घाबरणारी मुलं हळू आवाजात वाचूनही सगळ्यांना ऐकू जातात. वर्गात श्रवणयंत्र लावणारं मूल असेल तर मात्र या स्पीकरवर विसंबू नका. त्याच्या यंत्रात शिक्षकाचा आवाज थेट पोचवणारा वेगळा माइक असतो. पालकांना आणि त्याच्या श्रवणतज्ज्ञांना विचारून तो या संचाला जोडता येतो का ते बघा.

'माझ्या एकटीसाठी खर्च' हा मुद्दा मनातून काढा. मुख्याध्यापकांकडे घशाचं दुखणं घेऊन जाऊ नका, शब्दांच्या चाचणीचा तो कागद घेऊन जा. पन्नास मुलांपैकी इतक्यांना शेवटच्या ओळींत शब्द नीट कळत नाहीत, संच बसवल्यावर तीच चाचणी पुन्हा घेऊ आणि फरक बघू, असं सांगा. म्हणजे माइक तुम्हाला दिलेली सवलत राहत नाही, वर्गाची सोय होते, आणि तुमच्या वर्गात दुसरं कुणी तासाला आलं तरी त्यांना तो वापरता येतो. प्रत्येकाच्या माइकला वेगळं फोमचं टोपण ठेवा आणि शाळा सुटताना चार्जिंगला लावायचं काम कुणाचं तेही ठरवून टाका. नाहीतर महिन्याभरात संच कपाटात जाऊन बसतो. त्या सहकाऱ्यांनाही चाचणीच्या वेळी मागच्या बाकावर बसायला बोलवा. वाद घालू नका, फक्त बसायला सांगा.

डॉक्टरांचा हात मात्र सोडू नका. माइक हा उपचार नाही, उपचाराला वाव देणारी गोष्ट आहे. सुरुवातीच्या गाठी ताण कमी केल्याने आणि आवाजाच्या व्यायामांनी पुष्कळदा विरतात, शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागत नाही. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडे काही बैठका घ्याव्या लागतील. तोवर कुजबुजत बोलून घसा वाचवू नका. कुजबुजताना घसा बरेचदा जास्तच आवळला जातो. ज्या वाचकांचा आवाज चार आठवड्यांच्या वर बसलेला आहे आणि ज्यांनी अजून तपासलेलं नाही, त्यांनी माइक शोधण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. गिळताना त्रास होत असेल, श्वास अडत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल तर तेवढेही दिवस थांबू नका.

शिकवणं सोडायचं का, याचं उत्तर आज देऊ नका. दुखऱ्या घशाने आणि दुखावल्या मनाने असे निर्णय घ्यायचे नसतात. खोलीतल्या चार गोष्टी सुधारून घ्या, माइक लावा, व्यायाम सुरू करा आणि साधारण दोन महिन्यांनी डॉक्टरांना स्वरतंतू पुन्हा पाहायला सांगा. त्यांचं म्हणणं आणि मुलांच्या वह्या, दोन्ही समोर ठेवून मग ठरवा. तेव्हाही आवाज साथ देत नसेल तर शाळेतच कमी बोलण्याची कामं कोणती, तासांची वाटणी बदलता येते का, हे मुख्याध्यापकांशी बोला. काय झालं ते मला जरूर कळवा. चाचणीचे आकडेही पाठवलेत तर इतर शिक्षकांना उपयोग होईल.